घरात ऐकू येते, हॉटेलात येत नाही: श्रवणयंत्राच्या मायक्रोफोनांची तपासणी

माझ्या दोन्ही कानांना सहा वर्षांपासून श्रवणयंत्रे आहेत, आणि त्यांतली सलग तीन वर्षे पावसाळा आला की एकच तक्रार पुन्हा पुन्हा डोके वर काढत होती. दादरच्या घरात, पंखा चालू असतानाही, बायकोचे बोलणे स्वयंपाकघरातून नीट ऐकू येई. पण रविवारी माटुंग्याला उडप्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी बसलो, की समोर बसलेल्या मुलीचे ओठ हलताना तेवढे दिसत आणि कानावर पडत ते मोरीत आपटणारे स्टीलचे पेले, वेटरने ओरडून सांगितलेली ऑर्डर आणि शेजारच्या टेबलावरचा वाद. आवाज वाढवला तर पेल्यांचाही वाढे. शेवटी मुलगी ‘बाबा, राहू दे, घरी गेल्यावर सांगते’ असे म्हणे आणि मी समोरच्या ताटलीकडे बघत बसे. ज्यांच्या घरात हे वाक्य वारंवार उच्चारले जाते त्यांच्यासाठी हे लिहीत आहे, कारण या तक्रारीचे मूळ पुष्कळदा यंत्राच्या ताकदीत नसते, त्याच्या मायक्रोफोनांत असते, आणि ते मायक्रोफोन घरच्या घरी बऱ्याच अंशी तपासता येतात.

आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजल्या की केवळ बारीक आवाज ऐकू येईनासे होतात असे नाही. एकाच वेळी कानावर येणारे दोन आवाज एकमेकांपासून सोडवण्याची शक्तीही कमी होते. म्हणून बोलणे नुसते मोठे असून भागत नाही, ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा मोठे असावे लागते, आणि निरोगी कानाला जेवढा फरक पुरतो त्याहून बराच अधिक फरक आपल्याला लागतो. अनेकांच्या गलक्यातून माणूस एकाचेच बोलणे कसे उचलतो, हा प्रश्न ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली मांडला आणि तो ‘कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम’ या नावाने ओळखला जातो. यंत्रात ‘नॉइज रिडक्शन’ नावाची जी सोय असते, ती पंख्याची घरघर किंवा एसीचा आवाज खाली आणते आणि डोक्याला आराम देते. परंतु एकाच मायक्रोफोनवर चालणाऱ्या नेहमीच्या पद्धतीने शब्द अधिक समजतात असे सहसा होत नाही, कारण बोलणे आणि कलकलाट त्या एका मायक्रोफोनपाशी पोहोचतात तेव्हा ते आधीच एकमेकांत मिसळलेले असतात. आवाज कोणत्या दिशेने आला हे कळायला किमान दोन मायक्रोफोन लागतात.

कानामागे बसणाऱ्या यंत्राच्या पाठीवर, एक पुढे आणि एक मागे, अशा दोन बारीक फटी असतात. त्यांच्यातले अंतर जेमतेम एक सेंटिमीटर भरते. पाठीमागून आलेला आवाज आधी मागच्या फटीत शिरतो आणि सुमारे ३० मायक्रोसेकंदांनंतर, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या तीसपटीनंतर, पुढच्या फटीत पोहोचतो. यंत्र मागच्या मायक्रोफोनचा आवाज तेवढाच उशीर लावून पुढच्यातून वजा करते. त्यामुळे मागचा आवाज स्वतःलाच पुसून टाकतो आणि समोरचा शिल्लक राहतो. इतक्या बारीक वेळेच्या वजाबाकीवर सगळा हिशेब उभा असल्यामुळे दोन्ही मायक्रोफोन सारख्याच संवेदनक्षमतेचे असावे लागतात. एक जरी किंचित बधिर झाला तरी वजाबाकी चुकते, आणि चुकल्याचे आपल्याला कळत नाही, कारण शांत खोलीत ते यंत्र पूर्वीसारखेच वाजत राहते. माझ्या तीन पावसाळ्यांचे उत्तर याच वाक्यात होते.

तपासणीला लागण्याआधी आपल्या यंत्रात दोन मायक्रोफोन आहेत का, ते पाहून घ्यावे. कानाच्या नळीत पूर्ण लपणाऱ्या छोट्या यंत्रांत दुसऱ्या मायक्रोफोनला जागाच नसते. दिसू नये म्हणून ती घेतली जातात, परंतु हॉटेलात आणि लग्नात ज्यांचे अडते त्यांनी यंत्र निवडतानाच हा सौदा समजून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन मायक्रोफोन असतील, तर ते जोडीने चालू आहेत का, हा पुढचा प्रश्न. बहुतेक यंत्रे शांततेत एकाच मायक्रोफोनवर, सर्व दिशांचे ऐकत राहतात आणि गोंगाट वाढला की आपोआप ‘डायरेक्शनल’ म्हणजे समोरचेच पकडणाऱ्या स्थितीत जातात. ही अदलाबदल यंत्राच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असू शकते. जिथून मी यंत्रे घेतली, तिथे पहिल्या वर्षी नेमके हेच झाले होते: ‘रेस्टॉरंट’ नावाचा प्रोग्राम, म्हणजे प्रसंगानुसार निवडायचे सेटिंग, दिलेला होता, पण त्यात फक्त आवाजाची पातळी वेगळी होती, दिशा तीच. मोबाइलच्या ॲपमध्ये प्रोग्रामच्या नावाखाली मायक्रोफोनची दिशा दाखवणारे वर्तुळ किंवा पंख्याच्या आकाराचे चित्र असेल तर ते उघडून पाहावे. नसेल तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, संगणकावर तो प्रोग्राम उघडून दाखवायला सांगावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यावी.

आता माझा खरा दोष. चौथ्या वर्षी जुलैत मी दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी यंत्र कानातून काढले, टेबलावरच्या दिव्याखाली भिंगातून पाहिले आणि ते भिंग माझ्या हातात दिले. पुढची फट स्वच्छ, काळी दिसत होती. मागच्या फटीवर मात्र केसाचे तेल, टाल्कम पावडर आणि घाम यांचा एक फिकट पांढरा लेप बसला होता, सुकलेल्या खळीसारखा. नुसत्या डोळ्यांना तो यंत्राच्या राखाडी रंगात दिसतही नव्हता. मागचीच फट का बुजते हेही तेव्हा लक्षात आले: ती कानामागच्या केसांना आणि त्वचेला अधिक जवळ असते. मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की पावडर उडून जात नाही, तिची पेस्ट होते. मी तीन वर्षे दर पावसाळ्यात आवाज वाढवून घेत होतो आणि दर हिवाळ्यात ‘आता बरे आहे’ म्हणून विषय सोडून देत होतो.

सफाईची रीत साधी आहे, पण तिच्यात दोन चुका हमखास होतात. यंत्र उलटे, म्हणजे फटी जमिनीकडे येतील असे धरून कोरड्या मऊ ब्रशने हलके झाडावे, म्हणजे निघालेला कण आत न जाता खाली पडतो. सुई, टाचणी किंवा काडीपेटीची काडी फटीत घालणे ही पहिली चूक. मायक्रोफोनचा पडदा अतिशय नाजूक असतो आणि तो फाटला तर दुरुस्ती होत नाही, मायक्रोफोनच बदलावा लागतो. पाणी, स्पिरिट किंवा कोलन लावणे ही दुसरी चूक. लेप विरघळतो आणि आत झिरपतो. काही यंत्रांत फटींवर बदलता येणारी जाळी असते, ती पावसाळ्याच्या तोंडावर ऑडिओलॉजिस्टकडून बदलून घ्यावी. कानात जाणाऱ्या टोकावरची मळ अडवणारी जाळी वेगळी, हेही सांगून ठेवतो, कारण अनेक जण ती बदलतात आणि मायक्रोफोन साफ केला असे समजतात. रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, बदलता येणारी बॅटरी असेल तर ती काढून आणि तिचे दार उघडे ठेवून. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते निकामी झाले असे समजावे. केसांना तेल आणि मानेला पावडर लावायची असेल ती यंत्र घालण्याच्या निदान पंधरा मिनिटे आधी लावावी.

साफ केल्यावर खरोखर फरक पडला का, हे घरीच कळते. गॅलरीत किंवा गच्चीवर एका स्टुलावर रेडिओ ठेवावा, दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावावी आणि त्याच्यापासून एका मीटरच्या आत उभे राहावे. डायरेक्शनल प्रोग्राम स्वतः निवडावा, आपोआप बदलणारा नव्हे. आधी रेडिओकडे तोंड करून ऐकावे, मग जागा न सोडता पाठ फिरवावी. दोन्ही मायक्रोफोन जोडीने चालत असतील तर खरखर ठळकपणे खाली जाते. तोंड आणि पाठ यांत काहीच फरक वाटला नाही तर एक मायक्रोफोन बंद आहे, बुजलेला आहे किंवा तो प्रोग्राम डायरेक्शनल नाही. ही चाचणी बंद खोलीत करू नये, कारण भिंतींवरून परतणारा आवाज सगळीकडून येतो आणि चांगले यंत्रही नापास झाल्यासारखे वाटते. प्रत्येक कानाची चाचणी वेगळी घ्यावी, दुसरे यंत्र काढून.

इतके करूनही हॉटेलात अडत असेल तर यंत्र कानामागे कसे बसले आहे ते दुसऱ्याला बाजूने पाहायला सांगावे. दोन फटींना जोडणारी रेषा जमिनीला साधारण समांतर असायला हवी. चष्म्याची जाड काडी किंवा मास्कचे इलॅस्टिक यंत्राला ढकलते, ते कानावर उभे राहते, आणि मग यंत्राच्या लेखी ‘समोर’ म्हणजे छत होते. माझ्या बाबतीत चष्म्याची काडी बारीक करून घेतल्यावर यंत्र पुन्हा आडवे बसले. त्याचप्रमाणे उजव्या कानाचे लाल खुणेचे आणि डाव्याचे निळ्या खुणेचे यंत्र घाईत उलटसुलट घातले जात नाही ना, हेही पाहावे.

यंत्राच्या कानात जाणाऱ्या टोकावरच्या रबरी टोपीला, म्हणजे डोमला, लोक फार कमी महत्त्व देतात. भोके असलेला खुला डोम आरामदायक असतो, स्वतःचा आवाज घुमत नाही, पण त्याच भोकांतून हॉटेलातला जाड, खालच्या पट्टीचा गोंगाट यंत्राला वळसा घालून थेट कानात शिरतो, आणि जो आवाज यंत्रातून गेलाच नाही तो यंत्र कमी करू शकत नाही. बाहेर जेवायला जाताना बंद डोम किंवा कानाच्या मापाचा मोल्ड वापरून पाहावा. ज्यांची खालच्या पट्टीतली श्रवणशक्ती चांगली आहे, त्यांना तो दिवसभर सहन होणार नाही, म्हणून हा बदल ऑडिओलॉजिस्टला विचारूनच करावा. डोम बदलला की आवाजाचे सेटिंगही बदलावे लागते.

बसण्याच्या जागेविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे जुना सल्ला आणि नवे यंत्र यांची गल्लत होते. ‘भिंतीला पाठ लावून बसा’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि उघड्या कानांना ते ठीकही आहे. परंतु डायरेक्शनल यंत्र पाठीमागचे दाबते, समोरचे नाही. भिंतीला पाठ लावली की संपूर्ण हॉटेल आपल्यासमोर येते आणि यंत्र इमानदारीने ते सगळे उचलते. म्हणून मोरी, गल्ला आणि दार आपल्या पाठीशी येईल आणि बोलणारी व्यक्ती भिंतीकडच्या बाजूला, तोंडावर उजेड पडेल अशी बसेल, अशी जागा मागून घ्यावी. शेजारी बसलेल्याचे बोलणे यंत्र काही प्रमाणात दाबते, तेव्हा ज्याच्याशी बोलायचे त्याला समोर बसवावे आणि तो बोलत असताना चेहरा त्याच्याकडेच ठेवावा. खाताना मान ताटाकडे झुकली की मायक्रोफोनांची दिशाही ताटाकडे जाते. मंगल कार्यालयात मात्र या सगळ्याचा उपयोग कमी होतो. गुळगुळीत फरशी, आरसे, उंच छत आणि पडद्यांचा अभाव यांमुळे आवाज इतक्या वेळा परावर्तित होतो की कोणता आवाज कोणत्या दिशेचा हा प्रश्नच पुसट होतो. तिथे उपाय एकच, जवळ जाणे: बोलणाऱ्यापासून मीटर-सव्वा मीटरच्या आत उभे राहावे.

मरीन ड्राइव्हवर किंवा लोकलच्या दारात यंत्र अचानक सगळीकडचे ऐकू लागले तर तो बिघाड समजू नये. वाऱ्याचे झोत दोन्ही फटींवर वेगवेगळी खळबळ उडवतात, वजाबाकीने ती कमी होण्याऐवजी वाढते, म्हणून वारा ओळखला की यंत्र मुद्दाम एकाच मायक्रोफोनवर जाते.

दोन्ही कानांची यंत्रे बिनतारी जोडणीने एकमेकांशी बोलून चारही मायक्रोफोन एकत्र वापरतात, अशीही सोय अनेक यंत्रांत असते. त्यातून समोरचा पट्टा अधिक अरुंद होतो आणि एका माणसाशी बोलताना त्याचा फायदा जाणवतो. पण दोन कानांवर पडणाऱ्या आवाजांतला सूक्ष्म फरक, ज्यावरून आपण आवाज कुठून आला ते ओळखतो, तो या पद्धतीत बराचसा हरवतो. म्हणून जेवणाच्या टेबलावर हा प्रोग्राम वापरावा आणि रस्ता ओलांडण्याआधी तो बंद करावा. टिळक पुलाखाली मागून येणारी टॅक्सी ऐकू येणे अधिक महत्त्वाचे आहे. एका बाजूची बॅटरी संपली तर ही जोडणी तुटते, त्यामुळे ‘आज अचानक काही समजत नाही’ असे वाटले की आधी दोन्ही बॅटऱ्या पाहाव्यात.

इथवरचे सगळे नीट बसले तरी प्रत्यक्ष खोलीत दोन मायक्रोफोनांच्या जोडीतून मिळणारा फायदा साधारण २ ते ४ डेसिबलचा असतो. तो कमी लेखू नये, कारण समजणे आणि न समजणे यांच्या काठावर एकेका डेसिबलने वाक्ये समजण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी हलते. तरीही माझ्यासारख्या मध्यम ते तीव्र श्रवणदोषाच्या माणसाला गर्दीच्या हॉटेलात तेवढे पुरत नाही, आणि तिथे तिसरा मायक्रोफोन आणावा लागतो: बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा, आवाज बिनतारी यंत्रात पाठवणारा. त्यामागचा हिशेब फार सरळ आहे. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. दहापट झाले की २० ने. मुलगी दीड मीटरवरून बोलते, पण तिच्या ओढणीला तोंडापासून १५ सेंटिमीटरवर लावलेल्या माइकपाशी तिचा आवाज २० डेसिबलने मोठा पोहोचतो, आणि पेल्यांचा खणखणाट मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच असतो. यंत्राच्या आत कितीही हुशारी भरली तरी हे अंतर त्या हुशारीला भरून काढता येत नाही.

या माइकच्याही ठरलेल्या तक्रारी आहेत. खरखर ऐकू आली तर मंगळसूत्र, साडीचा काठ किंवा ओढणी माइकवर घासत आहे का ते पाहावे. बोलणे पुसट वाटले तर माइकचे तोंड हनुवटीकडे आहे का ते पाहावे, कारण अनेक कॉलर-माइकही दिशा पाळतात. चार-पाच जण गप्पा मारत असतील तर टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा, अनेक मायक्रोफोन असलेला टेबल-माइक सोयीचा. तो संगमरवरावर उघडा न ठेवता घडी घातलेल्या रुमालावर ठेवावा, नाहीतर वाटी आपटल्याचा प्रत्येक ठोका टेबलातून सरळ त्यात जातो. आणि सर्वांत नेहमीची तक्रार, ‘माइक लावला तरी गोंगाट तसाच आहे’, हिचे कारण असे की माइक चालू असतानाही यंत्राचे स्वतःचे मायक्रोफोन पूर्ण जोराने ऐकत असतात. ॲपमध्ये भोवतालचा आवाज कमी करण्याची पट्टी असते, ती अर्ध्यापर्यंत खाली आणावी. पूर्ण बंद करू नये, शेजारच्याने हाक मारली तर ती ऐकू यायला हवी.

खर्च परवडत नसेल तर आधी मोबाइल वापरून पाहावा. ॲपलच्या फोनमध्ये ‘लाइव्ह लिसन’ नावाची सोय आहे. जुळणारी श्रवणयंत्रे असतील तर फोनच माइक होतो आणि तो बोलणाऱ्यासमोर ठेवता येतो. साध्या ब्लूटूथ इअरफोनच्या जुगाडात मात्र आवाज इतका उशिरा पोहोचतो की ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि ओठ वाचून अर्थ लावणाऱ्या आपल्यासारख्यांचे त्यात उलट नुकसान होते.

घरच्या तपासणीने काही निष्पन्न झाले नाही तर ऑडिओलॉजिस्टकडे जाताना ‘आवाज वाढवून द्या’ असे म्हणू नये. यंत्राच्या चाचणी-पेटीत पुढच्या आणि मागच्या आवाजाला मिळणाऱ्या प्रतिसादातला फरक मोजून द्या, आणि शांततेतल्या चाचणीबरोबर गोंगाटातल्या बोलण्याचीही चाचणी घ्या, असे नेमके सांगावे. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेले अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थान आहे. खाजगी ठिकाणी समाधान झाले नाही तर मुंबईकरांना तो दरवाजा उघडा आहे, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांसाठी दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रेही मिळतात.

कॉलर-माइक वापरू लागल्यावर एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. मागच्या महिन्यात त्याच हॉटेलात जेवण झाल्यावर मुलगी माइकसकट बिल द्यायला गल्ल्यावर गेली आणि तिथे तिच्या नवऱ्याला फोनवर माझ्या तब्येतीविषयी जे हळूच सांगत होती ते मला टेबलाशी बसून शब्दन् शब्द ऐकू आले. तिला ते मला ऐकवायचे नव्हते. तेव्हापासून ती खुर्चीवरून उठली की मी हात पुढे करतो आणि ती माइक काढून माझ्या तळहातावर ठेवते.